आत्मवंचना: भरलेल्या हंड्यामागचा हिशेब



आजच्या विषयाचं नाव फलकावर 'आत्मवंचना' असं लिहिलं आहे. शब्द जरा जड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या ओळखीची आहे. स्वतःच स्वतःला फसवणं, एवढाच त्याचा अर्थ. घरात किंवा कामाच्या ठिकाणी नाती बिघडली की आपण कारणं सांगतो: त्याचा स्वभावच तसा, पैशाची ओढाताण, तिसऱ्या माणसाने लावालावी केली. ही कारणं असतात, खोटी नसतात. पण त्यांच्या तळाशी अनेकदा आणखी एक कारण असतं आणि त्याचं नाव घ्यायला आपण तयार नसतो, कारण ते आपल्याच घरातून निघतं. त्याबद्दल आज बोलू.

चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे मला मोठमोठी नावं घ्यायची सवय आहे. दोन-चार आजही येतील. पण बरीचशी उदाहरणं शहापूर-मुरबाडचीच घेणार आहे, कारण या विषयाला लागणारा सगळा मालमसाला इथे आहे.

झोपेचं सोंग

आपल्याकडे म्हणतात, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. आता समजा, ज्याने सोंग घेतलं आहे त्यालाच आपण सोंग घेतलंय हे माहीत नाही. म्हणजे तो खरा झोपलेला नाही, आणि 'मी जागा आहे' हेही त्याला कबूल नाही. आत्मवंचनेचं कोडं हेच आहे.

एकाने दुसऱ्याला फसवलं तर त्यात कोडं काही नाही. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं. त्याला ते माहीत आहे, मला माहीत नाही. म्हणून मी फसलो. पण दूधवाला आणि गिऱ्हाईक एकच माणूस असेल तर? पाणी घातलंय हे त्याला एकाच वेळी माहीतही हवं आणि माहीत नकोही. हे कसं जमतं?

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात सॉक्रेटीस म्हणतो, की सगळ्या फसवणुकींत स्वतःची फसवणूक सर्वांत वाईट. त्याने दिलेलं कारण अगदी व्यवहारी आहे: इथे फसवणारा क्षणभरही आपल्यापासून दूर जात नाही. दुधवाला निदान सकाळी एकदा येऊन जातो. हा चोवीस तास घरातच!

आपल्याकडे पतंजलींच्या योगसूत्रांवर व्यासांचं भाष्य आहे. दुसऱ्या पादात 'अविद्या' समजावताना भाष्यकार एक छान दृष्टांत देतात. 'अमित्र' या शब्दाचा अर्थ नुसतं 'मित्र नसणं' असा होत नाही. अमित्र म्हणजे शत्रू. तसंच अविद्या म्हणजे ज्ञानाचा अभाव नाही. ती ज्ञानाच्या विरुद्ध उभी असलेली, स्वतःचं बळ असलेली गोष्ट आहे. माझ्या मते आत्मवंचना समजायला हा दृष्टांत फार उपयोगी आहे. जो स्वतःला फसवतो त्याच्यापाशी माहिती कमी नसते. तो सत्याच्या विरुद्ध काहीतरी सतत करत असतो. ते काम असतं, आणि कामाला श्रम लागतात.

काय करत असतो? १८७७ साली इंग्लंडमधल्या विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने एका निबंधात जहाजमालकाचा दाखला दिला. जहाज जुनं आहे, पूर्वी बऱ्याचदा दुरुस्त केलंय, आता ते प्रवासाला लायक नाही अशी शंका मालकाच्या मनात येते. दुरुस्ती म्हणजे खर्च. मग तो मनाची समजूत घालतो: आजवर इतक्या वादळांतून आलं, याही वेळी येईल, देव आहेच, आणि शंका घेणारे लोक काय, घेतच असतात. शेवटी त्याला मनापासून वाटू लागतं की जहाज ठीक आहे. जहाज प्रवासी घेऊन निघतं आणि बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, तरी तो दोषी आहे. कारण समोरचा पुरावा बघता तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. पुढे तो असंही म्हणतो, की समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी मालकाचा दोष कमी झाला नसता.

त्या मालकाने स्वतःशी एकही धडधडीत खोटं वाक्य उच्चारलेलं नाही. त्याने तपासणी टाळली, सोयीच्या आठवणी वर काढल्या, गैरसोयीच्या माणसांना संशयखोर ठरवलं. अमेरिकन तत्त्वज्ञ आल्फ्रेड मेले यांनी २००१ मध्ये आत्मवंचनेवर पुस्तक लिहिलं, त्यात साधारण हेच सांगितलं आहे: 'मी आता स्वतःला फसवतो' असं कोणी ठरवत नाही. आपल्याला जे खरं असावंसं वाटतं, त्या बाजूचा पुरावा आपण हलक्या हाताने तोलतो आणि विरुद्ध बाजूचा जड हाताने. तराजू तोच, पण आपलं बोट पारड्याला लागलेलं असतं.

चूक वेगळी, वंचना वेगळी

इथे एक फरक केला पाहिजे, नाहीतर उद्यापासून तुम्ही घरातल्या प्रत्येकाला 'तू आत्मवंचना करतोस' म्हणत सुटाल आणि दोष माझ्यावर येईल.

१९७९ मध्ये कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना विचारलं: घरातली ही २० कामं, यात तुमचा वाटा किती? नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं आणि मग दोघांचे वाटे एकत्र केले. बेरीज शंभर टक्के यायला हवी. बहुतेक कामांत ती शंभराच्या वर गेली. म्हणजे दोघांनाही वाटत होतं, आपणच जास्त करतो. गंमत पुढे आहे. भांडण कोण उकरून काढतं, यासारख्या गोष्टीही त्या यादीत होत्या, आणि अशा नको त्या गोष्टींचं श्रेयही लोकांनी स्वतःकडेच जास्त घेतलं! तेव्हा ही नुसती बढाई नाही. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही, कारण ते करताना आपण तिथे नव्हतो. ही साधी चूक आहे आणि ती सगळ्यांची होते.

आत्मवंचना यानंतर सुरू होते. कोणीतरी हिशेब समोर ठेवतं, आणि आपण तो न बघण्यासाठी हालचाल करतो, तिथे.

हिशेब समोर आहेच. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं, म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, अशी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. ही कामं करणारे पुरुष सरासरी ९७ मिनिटं. आणि मुळात अशी कामं करणारे पुरुष किती? शंभरातले सव्वीस. बायका शंभरात एक्क्याऐंशी.

हा आकडा ऐकल्यावर 'आमच्याकडे तसं नाही' असं ज्यांच्या मनात लगेच आलं, त्यांनी त्या 'लगेच'कडे जरा बघावं. घरात मोजमाप केलेलं नाही, कोणाला विचारलेलं नाही, आणि उत्तर मात्र तयार आहे. एवढी घाई कशाची?

भरलेला हंडा

आता आपल्या पाण्याकडे या. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ सालचं. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जातं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातशाचं. बारवीचं पाणी वाढलं तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन त्याखाली गेली. आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यांतल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण सांगायला मी कशाला हवा, तुम्ही ती रोज जगता.

पण मला आज त्या पाड्यावरच्या एका घराबद्दल बोलायचं आहे. ते कोणाचं एकाचं घर नाही, शेकडो घरं तशी आहेत. घरातला कर्ता पुरुष सकाळी उठतो. हंडा भरलेला असतो. तोंड धुतो, आंघोळ करतो, कामाला जातो. संध्याकाळी येतो, हंडा भरलेला असतो. त्याला विचारा, 'पाण्याची काय परिस्थिती?' तो म्हणेल, 'त्रास आहे हो गावाला, पण आमच्याकडे चाललंय.' तो खोटं बोलत नाही. त्याचा हंडा खरोखर भरलेला आहे.

तो भरलेला का आहे? कारण त्याची बायको किंवा सून पहाटे अंधारात उठून, डोक्यावर चुंबळ ठेवून, दोन-तीन खेपा करून आली आहे. विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीने पाणी गोळा होईपर्यंत बसून राहिली आहे. आणि हे तिने त्याला सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी सांगितलं असेल. तेव्हा उत्तर मिळालं, 'सगळ्याच बायका आणतात.' दुसऱ्या वर्षी मान दुखते म्हणून सांगितलं, तेव्हा घरात वाद झाला. तिसऱ्या वर्षी तिने सांगायचं सोडून दिलं.

मंडळी, आज मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. आत्मवंचना एकट्याच्या डोक्यात चालते असं आपण समजतो. तत्त्वज्ञांनीही बराच काळ तसंच समजून तिचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला: मनाचे दोन भाग असतील, एक फसवत असेल, एक फसत असेल. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी १९४३ साली विचारलं, की मनात काही लपवणारा पहारेकरी असेल तर काय लपवायचं हे त्याला माहीत असणारच, मग कोडं सुटलं कुठे? प्रश्न योग्य होता. पण मला वाटतं, आपण फक्त डोक्याच्या आत बघतो म्हणूनही कोडं अवघड होतं. त्या पुरुषाला 'आमच्याकडे चाललंय' असं मानता यावं यासाठी लागणारं निम्मं काम त्याच्या डोक्यात झालेलंच नाही. ते त्याच्या बायकोने केलं आहे. हंडा भरून, आणि गप्प बसून. स्वतःला फसवणाऱ्याची फसवणूक टिकते ती आजूबाजूच्या माणसांच्या श्रमांवर आणि त्यांच्या मौनावर.

आणि मुंबईत नळ सोडणारा माणूस? त्याचाही हंडा भरलेला आहे. त्यालाही वाटतं, पाणी येतं. कुठून येतं, कोणाची जमीन गेली, हे त्याला शाळेच्या पुस्तकात शिकवलेलं असतं. त्याला ते माहीत आहे. पण नळ सोडताना ते माहीत असून उपयोगाचं नाही. पाड्यावरचं घर आणि शहर यांत फरक एवढाच, की घरातली माणसं एका छपराखाली राहतात, रोज एकमेकांचं तोंड बघतात. त्यामुळे तिथे न बघायला जास्त मेहनत लागते.

खरी वाक्यं

घरातलं आणखी एक उदाहरण. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा इथून किती माणसं पहाटेची लोकल पकडतात! मुरबाडहून एसटीने आधी कल्याण गाठायचं आणि मग गाडी. रात्री घरी येईपर्यंत मुलं झोपलेली. त्यातल्या एखाद्या बापाला विचारा, तो म्हणेल, 'मी घरच्यांसाठीच राबतो.' हे शंभर टक्के खरं आहे. पण रविवारी तो घरी असतो. मुलगा काहीतरी सांगायला येतो, तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, 'आठवडाभर राबतो रे तुमच्याचसाठी, आज तरी बसू दे.' वाक्य तेच आहे. पण आता ते वेगळ्या कामाला लावलं आहे. आता ते मुलाकडे न बघण्याची परवानगी म्हणून वापरलं जातंय.

खोट्या वाक्याने स्वतःला फसवणं अवघड असतं, कारण खोटं टोचतं. माणूस स्वतःला फसवतो तो बहुतेक वेळा खऱ्या वाक्यांनी. 'मी स्पष्टवक्ता आहे.' 'मी तिच्या भल्यासाठीच बोललो.' 'मी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो.' हे सगळं खरं असू शकतं. वाक्य खरं आहे का, यासोबत 'हे वाक्य मी आत्ता कशासाठी वापरतोय' हाही प्रश्न विचारायला हवा.

यात शिकलेला माणूस जास्त पटाईत असतो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी 'पढतमूर्खा'साठी वेगळा समास लिहिला. वेगळा लिहावा लागला, कारण साध्या मूर्खाला कारणं देता येत नाहीत. शिकलेल्याला दहा देता येतात. विद्येने बुद्धी धारदार होते, पण ती कोणाच्या बाजूने चालवायची हे विद्या सांगत नाही.

'माझ्या खात्यात कोणाची तक्रार नाही'

आता कामाच्या ठिकाणी येऊ. जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला, 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. आदिवासी तरुणाला लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घ्यावे लागत. त्या बदल्यात तो आणि त्याची बायको मालकाकडे राबत, आणि कर्ज कधी फिटतच नसे. मालकाच्या बाजूने हिशेब कसा दिसत असेल? याचं लग्न मी लावलं. याला जेवण मी देतो. हा माझ्या आधाराने जगतो. आणि गडी तरी कुठे काही म्हणतो?

जानेवारी १९४५ मध्ये आपल्या जवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ आणि लग्नगडी बंद करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकीकत लिहिली, त्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते वारल्यांबद्दल आहे. पण मी ते नाव दुसऱ्या बाजूनेही वाचतो. गडी बोलला, त्या दिवशी मालकाचंही झोपेचं सोंग मोडलं. पिढ्यान्‌पिढ्या 'कोणाची तक्रार नाही' हा जो पुरावा त्याच्यापाशी होता, तो पुरावा नव्हताच. ती भीती होती.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बंद झाली. पण आजही दिवाळीनंतर आपल्या भागातली कातकरी, ठाकूर कुटुंबं आगाऊ उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. आणि भट्टीवर कोणी चौकशी केली तर उत्तर मिळतं, 'आमच्याकडे सगळे खूश आहेत, विचारा कोणालाही.' ज्याच्या डोक्यावर तुमची उचल आहे, त्याला तुमच्यासमोर विचारल्यावर तो काय सांगणार?

ही गोष्ट फक्त भट्टीची नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला सुपरवायझर असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, बँकेचा मॅनेजर असो, 'माझ्या खात्यात कोणाची तक्रार नाही' हे वाक्य तो अभिमानाने बोलतो. त्या खात्यात गेलं की कळतं, दोन वर्षांपूर्वी एकाने तक्रार केली होती, त्याची बदली रात्रपाळीला झाली. तेव्हापासून कोणाची तक्रार नाही. साहेब बदली विसरले. बाकी कोणी विसरलेलं नाही.

फसणाऱ्याची वंचना

आतापर्यंत मी वरच्या बाजूच्या माणसाबद्दल बोललो. खालच्या बाजूलाही आत्मवंचना असते, पण ती वेगळ्या जातीची. वरचा माणूस सोयीसाठी स्वतःला फसवतो, खालचा तगून राहण्यासाठी. 'मला काही नकोच होतं', 'आपल्याला काय करायचंय शिकून', 'माझं काय, माझं होऊन गेलं'. जे मिळणार नाही ते हवंच नव्हतं असं मानलं की रोजचं दुखणं कमी होतं.

मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव तुम्हाला माहीत आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, दुपारी घरचं काम उरकून दोन तास पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. फोटोंमुळे आपण त्याकडे कौतुकाची गोष्ट म्हणून बघतो. मला ती आत्मवंचनेच्या अंगाने फार महत्त्वाची वाटते.

या बायका आयुष्यभर अंगठा उठवत होत्या. घरातल्यांना वाटत होतं, हिला वाचायची गरज नाही. तिलाही तसंच वाटत होतं, निदान ती तसं म्हणत होती. घरातल्यांचा पुरावा काय? तिने कधी मागितलं नाही. आणि तिने का मागितलं नाही? मागून मिळण्यासारखं ते कधी दिसलंच नाही. दोन वंचना एकमेकींना टेकून उभ्या होत्या, म्हणून साठ-सत्तर वर्षं पडल्या नाहीत. शाळा उघडली आणि कळलं, की इच्छा होतीच.

त्या शाळेत शिकवणारी बाई गावातलीच एक सून होती, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही होती. दुपारचे दोन तास सून 'असं नाही, आई, असं लिहा' म्हणणार आणि सासू पुसून परत लिहिणार. ज्या नात्यात शिकवण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूला होता, तिथे तो दोन तास बाजू बदलतो. घरातलं नातं बदलायला कधीकधी उपदेश लागत नाही, बसायच्या जागा बदलाव्या लागतात.

मग ओळखायचं कसं?

आत्मपरीक्षण करा, असं सगळे सांगतात. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. ज्याचं बोट पारड्याला लागलं आहे, त्यालाच पुन्हा वजन करायला सांगितलं तर माप तेच येणार. 'मी स्वतःला फसवतोय का?' असं मनाला विचारलं तर मन म्हणतं, 'छे!'

म्हणून आत बघण्याआधी बाजूला बघा. माझ्यापाशी लोक काय बोलायचे थांबले आहेत? बायको पूर्वी कुठल्या गोष्टीवर वाद घालायची आणि आता घालत नाही? मुलगा कोणता विषय मी खोलीत आलो की बदलतो? हाताखालची माणसं वाईट बातमी मला पहिल्यांदा सांगतात की सर्वांत शेवटी? जिथे पूर्वी आवाज होता आणि आता शांतता आहे, तिथे एक तर प्रश्न सुटलेला असतो किंवा माणूस थकलेला असतो. प्रश्न सुटला असेल तर तो कोणी आणि कसा सोडवला हे तुम्हाला सांगता येईल. सांगता येत नसेल, तर समजा माणूस थकला आहे.

दुसरी गोष्ट, मोजा. एक आठवडा हंडा कोण भरतं ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तुम्ही भरा. पाहणी वाचून जे कळत नाही ते मानेला कळतं.

तिसरी गोष्ट, कोणी बोललंच, तर पहिलं उत्तर देऊ नका. आपलं पहिलं उत्तर हे बहुधा जहाजमालकाचं असतं. 'बरं, अजून सांग' एवढंच म्हणा. आणि बोलल्याबद्दल त्या माणसाला रात्रपाळी लागणार नाही याची काळजी घ्या. घरातही रात्रपाळ्या असतात. तीन दिवस अबोला, ताटावरून उठून जाणं, 'तुझ्या माहेरचे' काढणं, या सगळ्या घरातल्या रात्रपाळ्याच.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, थोडी आत्मवंचना माणसाला जगायला लागत नाही का? सगळं खरं बघितलं तर माणूस खचून जाईल.*

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो योग्य आहे. आजारी माणूस 'मी बरा होणार' असं धरून बसला, तर त्याच्या हातातून ते काढून घ्यायला मी जाणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करू. आशा उद्याबद्दल असते. आत्मवंचना आज काय चाललंय याबद्दल असते. 'पुढच्या वर्षी पाडा टँकरमुक्त होईल' ही आशा झाली. 'आमच्याकडे पाण्याचा त्रास नाही' ही वंचना. आणि माझी कसोटी साधी आहे: तुमच्या या समजुतीची किंमत कोण भरतंय? तुम्ही स्वतः भरत असाल तर तो तुमचा प्रश्न. पण तुमच्या मनःशांतीसाठी दुसरं कोणी पहाटे उठत असेल, तर ती शांती उधारीवरची आहे.

*प्रश्न (एक ताई): आम्ही बोलायचं कसं? बोललं की भांडण, नाही बोललं की तुम्ही म्हणता आमच्या गप्प राहण्यावर त्यांचं चालतं. म्हणजे दोष परत आमचाच?*

नाही ताई, दोष तुमचा नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, बरं झालं तुम्ही विचारलंत. मौनावर फसवणूक टिकते असं मी म्हणालो. मौन तोडायची जबाबदारी ज्याला त्याची किंमत मोजावी लागते त्याच्यावर टाकणं हा अन्यायच होईल. झरीला हजारो माणसं एकत्र बोलली, कारण एकट्या गड्याने बोलणं म्हणजे मार खाणं होतं. फांगण्यातही एका आजीने घरात एकटीने हट्ट धरला असता तर लोक हसले असते. तीसेक जणी एकदम दप्तर घेऊन निघाल्या, तेव्हा हसणारे गप्प झाले. म्हणून एकटीने बोलू नका. जावेला, नणंदेला, शेजारणीला बरोबर घ्या. पण विचारायचं काम आमचं, म्हणजे ज्यांचा हंडा भरलेला असतो त्यांचं आहे. इथे बसलेल्या पुरुषांना मी तेच सांगतोय. आज घरी गेल्यावर पाणी मागण्याआधी ते कुठून आलं, एवढं विचारा. आणि उत्तर 'काही नाही हो, आणलं' असं आलं, तर तिथे थांबू नका.